उपरोध वाचायचा तर शब्दांची कुळे ओळखावी लागतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनी पदवीचे अभ्यासक्रम नव्याने आखायला घेतले आहेत. श्रेयांक किती असावेत, ऐच्छिक विषय कोणते असावेत, कौशल्याधारित घटकांना किती तास द्यावेत, यांवर पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चर्चेत राहून गेलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उपहास, उपरोध आणि विडंबन हे मराठी साहित्याचे अत्यंत समृद्ध अंग आपण विद्यार्थ्यांना व्याख्यांतून शिकवतो, आणि शब्दसंपदा हा विषय त्याच विद्यार्थ्यांना दुसऱ्या तासाला, दुसऱ्या पुस्तकातून, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्यांतून शिकवतो. हे दोन विषय मुळात एक आहेत आणि ते एकत्र शिकवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मी अनेक वर्षे एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवले. उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट मला सातत्याने दिसत असे. उपहास आणि उपरोध यांतला फरक विचारला की विद्यार्थी तो बिनचूक लिहीत. व्याजस्तुतीचे, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती करणाऱ्या अलंकाराचे, लक्षण आणि उदाहरण त्यांना मुखोद्गत असे. त्याच उत्तरपत्रिकेत पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या संग्रहावर प्रश्न आला की तेच विद्यार्थी लिहीत, की कोल्हटकरांना आपल्या जुन्या रूढींचा फार अभिमान होता आणि त्या टिकाव्यात अशी त्यांची तळमळ होती. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे रूढींचे कैवारी आहेत. त्यांचे समर्थन जितके उत्साही, तितकी त्या रूढीची निरर्थकता उघडी पडते, अशी या लेखांची रचना आहे. ज्या विद्यार्थ्याने सुदाम्याचे मत हेच लेखकाचे मत मानले, त्याला उपरोधाची व्याख्या पूर्ण येत होती. व्याख्या आली म्हणजे वाचन आले, ही आपली समजूत येथेच मोडते.

यात विद्यार्थ्यांचा बुद्धिमांद्याचा दोष काढणे मला मान्य नाही, कारण हीच चूक मोठमोठ्या विद्वानांकडूनही झालेली आहे. इंग्लंडमध्ये १७०२ साली डॅनियल डिफो याने प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथीयांचा कायमचा बंदोबस्त कसा करावा, यावर एक निनावी पत्रक काढले. ते त्याने कर्मठ चर्चवाद्यांच्या आवाजात लिहिले होते, आणि त्यांच्यापैकी काहींनी ते आपल्याच बाजूचे समजून त्याचे स्वागत केले. पत्रकाचा कर्ता कोण हे कळल्यावर १७०३ च्या जुलैमध्ये डिफोला तीन दिवस खोड्यात उभे करण्यात आले. तो स्वतः चर्चबाहेरच्याच पंथाचा होता. ज्यांच्या आवाजात लिहायचे त्यांची शब्दकळा त्याने इतकी नेमकी उचलली होती की ती रोज वापरणाऱ्यांनाही ती उसनी आहे हे ओळखता आले नाही.

आपल्या काव्यशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ध्वनीची, म्हणजे शब्दांतून सुचवल्या जाणाऱ्या अर्थाची, चर्चा करताना एक श्लोक दिला आहे: ‘उपकृतं बहु तत्र किमुच्यते सुजनता प्रथिता भवता परम्’. आपण माझ्यावर फार उपकार केलेत, काय सांगावे, आपला सज्जनपणा आपण अगदी प्रकट केलात. असेच करत राहा आणि शंभर वर्षे सुखात जगा, असा त्याचा आशय आहे. श्लोक ज्याने अपकार केला आहे त्याला उद्देशून आहे. श्लोकात असा एकही शब्द नाही, की ज्यावर बोट ठेवून हा उपरोध आहे असे दाखवता येईल. उलटा अर्थ सगळा प्रसंगातून आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या नात्यातून येतो. म्हणूनच मम्मटाने तो अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनीच्या, म्हणजे जेथे शब्दांचा सरळ अर्थ पूर्णपणे बाजूला सारावा लागतो अशा ध्वनीच्या, उदाहरणात घातला. आज आपण विद्यार्थ्याकडून ‘अत्यंततिरस्कृतवाच्य’ हा जडजंबाल शब्द पाठ करून घेतो. श्लोक मात्र मोठ्याने म्हणून दाखवत नाही. असा उपरोध कळतो तो काकूमुळे, आणि काकू म्हणजे आवाजाचा हेल. तो छापील पानावर उमटत नाही आणि वाचणाऱ्याला स्वतः भरावा लागतो. वर्गात मोठ्याने वाचण्याची प्रथा बंद पडल्यापासून ही भर घालण्याची सवयच गेली आहे. एकच परिच्छेद तीन विद्यार्थ्यांना तीन प्रकारे वाचायला लावला की कोणत्या शब्दावर आवाज अडतो हे वर्गाला आपोआप कळते, असा माझा अनुभव आहे.

आता शब्दांकडे येते. उपरोधिक लेखनात शब्दाचा अर्थ कळणे पुरेसे नसते. तो शब्द कोणाच्या तोंडचा, कोणत्या कामाच्या ठिकाणचा, कोणत्या काळातला आणि कोणत्या प्रांतातला आहे, हे कळावे लागते. एकनाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई, रोडगा वाहीन तुला’ हे भारूड महाराष्ट्रात सर्वांना ऐकून ठाऊक आहे. त्यातली सून देवीला नवस बोलते आणि एकेका नातलगाचा निकाल लावायला सांगते. सासरा गावाला गेला आहे, तर ‘तिकडेच खपवी त्याला’ म्हणते. आजच्या शहरी विद्यार्थ्याला ‘खपणे’ म्हणजे माल विकला जाणे एवढेच ठाऊक असते. माणूस खपणे हा अर्थ त्याच्या घरात आता कोणी वापरत नाही. जाऊ फडफड बोलते म्हणून ‘बोडकी कर गं तिला’ अशी मागणी येते. येथे विद्यार्थी हसतात आणि पुढे जातात, कारण बोडकी म्हणजे केस नसलेली एवढेच ते समजतात. हा शब्द केशवपन केलेल्या विधवेचा आहे. जावेला विधवा कर, म्हणजे आपल्याच दिराला मार, अशी ती मागणी आहे, आणि त्या एका शब्दात त्या काळच्या स्त्रीजीवनाची केवढी भीषणता साठली आहे, हे शिक्षकाने सांगितल्याशिवाय कळत नाही. शेवटी सगळेच जाऊ दे आणि मला एकटीच राहू दे, असे नाथ म्हणतात. कीर्तनकार या नात्यांचा अर्थ विकार आणि प्रपंचाची बंधने असा लावतात. प्रार्थनेचा साचा, भांडणाची भाषा आणि आत अध्यात्म, असे तीन थर एका भारुडात आहेत. ज्याला पहिल्या दोन थरांतले शब्द कळले नाहीत, त्याच्या हाती तिसऱ्या थराचे केवळ सार लागते, आणि सार परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकातही छापलेले असते.

विडंबनाच्या बाबतीत तर आपण मूळ कविताच शिकवत नाही. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेची पहिली ओळ शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे: ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके’. कवी हा देवाचा लाडका आहे आणि हे जग त्याला खेळायला दिले आहे, असा तो उद्गार आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे यांनी ओळीचा पहिला अर्धा भाग जवळजवळ तसाच ठेवला आणि उरलेल्या सात अक्षरांत ‘दाताड वेंगाडुनी’ असे लिहिले. वृत्तात एका मात्रेचीही चूक नाही. गुरू-लघूंचा क्रम तोच, यतीची म्हणजे ओळीतल्या विरामाची जागा तीच, क्रियापदाचे जुने वळणही तेच. बदलले ते शब्दांचे कूळ. प्रौढ संस्कृत वृत्तात भांडणातला ‘दाताड’ येऊन बसला आणि पुढच्याच ओळीत ‘फोटो’ आला. विडंबन म्हणजे काय हे या एका ओळीवरून पंधरा मिनिटांत शिकवता येते, पण त्यासाठी विद्यार्थ्याला वृत्त म्हणता आले पाहिजे आणि ‘लाडके देवाचे’ या शब्दांतली गंभीर श्रद्धा आधी त्याच्या मनात उतरली पाहिजे. रेव्हरंड टिळकांची ‘पाखरा, येशिल कधी परतून’ ही व्याकूळ कविता ज्याने कधी वाचलेली नाही, त्याच्यापुढे ‘परिटा, येशिल कधी परतून’ ठेवून आपण नेमके काय शिकवतो? त्याला कपड्यांच्या हिशेबावरची एक गमतीदार कविता वाचल्यासारखे वाटते, आणि आता तर परीट म्हणजे कोण हेही पुष्कळांना सांगावे लागते.

येथे एक अन्यायही घडतो आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. अत्र्यांच्या विडंबनाचा रोख मुख्यतः पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या काव्यावर होता. विडंबन वाचले जाते आणि मंडळ विस्मरणात जाते, त्यामुळे माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी आजच्या विद्यार्थ्याला केवळ थट्टेचा विषय म्हणून माहीत होतात. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ लिहिला आणि त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, फारसीचे ते अध्यापक होते आणि गझल हा रचनाप्रकार त्यांनी मराठीत रुजवला. ज्या फारसी शब्दकळेची विडंबनकारांनी टिंगल केली, ती त्यांच्याकडे कशी आली आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते कसे झाले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विडंबन शिकवताना मूळ कवीला त्याचे न्याय्य स्थान देणे हे मी शिक्षकाचे कर्तव्य मानते.

जोनाथन स्विफ्टचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हा १७२९ मधला उपरोधिक निबंध आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात शिकवला जातो आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा असे मला वाटते. आयर्लंडमधल्या गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, अशी सूचना त्यात एक सभ्य गृहस्थ करतो. त्या गृहस्थाचा हिशेब काटेकोर आहे: गरिबांची म्हणून १,२०,००० मुले, त्यांतली २०,००० वंशवृद्धीसाठी राखायची, उरलेली १,००,००० विक्रीला. स्त्रियांविषयी बोलताना तो जनावरांच्या पैदाशीचे शब्द वापरतो, आणि तेही सहजपणे, जणू अर्थकारणाच्या लेखनात तीच रीत आहे. निबंधाच्या शेवटाकडे तो खरे उपाय एकामागून एक सांगतो. परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवावा, देशी मालच वापरावा, जमीनदारांनी कुळांबद्दल थोडी तरी दया बाळगावी, असे ते उपाय. आणि हे सगळे माझ्यापुढे कोणी काढू नये, असे म्हणून तो ते बाजूला सारतो. स्विफ्टचे स्वतःचे मत निबंधात आहे, पण ते फेटाळलेल्या यादीत आहे. लेखकाचा आवाज निवेदकाच्या आवाजापासून कोणत्या जागी वेगळा होतो, ही शोधण्याची जागा विद्यार्थ्याला एकदा दाखवली की तो ती इतर लेखनातही शोधू लागतो. कोल्हटकरांनी चोरांचे संमेलन भरवले आणि चोरांच्या तोंडी सभासंमेलनांची भाषा घातली, तीही याच पद्धतीने. एका धंद्याचे शब्द दुसऱ्या धंद्याला लावले की दोन्ही धंद्यांकडे नव्याने पाहावे लागते.

उपरोध म्हणजे हसवणारे साहित्य, या समजुतीमुळे अभ्यासक्रमातून एक फार मोठे पुस्तक विनोदाच्या विभागाबाहेर राहते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती आणि ती पुढे जन्मठेपेवर आली; त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर जी झोड उठवली गेली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. स्त्रियांवर लादलेला एकेक दोष उचलून त्या पुरुषांना विचारतात की हा तुमच्यात नाही काय. त्यांच्या भाषेत माजघरातले, आडावरचे, भांडणातले शब्द आहेत, म्हणी आहेत, पुराणातले दाखले आहेत, आणि शास्त्रीबुवांचे जडशब्दही आहेत, पण ते त्यांच्यावरच उलटवलेले. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरले गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज ते स्त्रीवादी साहित्याच्या घटकात शिकवले जाते, ते योग्यच आहे. परंतु त्यात संतापाने उपरोधाचे रूप कसे घेतले, कोणत्या वाक्यात लेखिका नम्रतेचे शब्द वापरून घाव घालते, हे शिकवले जात नाही. फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’तला धोंडिबा जे भाबडे वाटणारे प्रश्न विचारतो, त्यांच्या बाबतीतही तेच घडते. विचार तेवढा उचलला जातो आणि ज्या वाणीने तो विचार लोकांच्या मनात रुतला ती वाणी मागे राहते.

‘प्रगत शब्दसंग्रह’ या नावाखाली जे शिकवले जाते त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. स्पर्धा परीक्षांच्या प्रभावामुळे शब्दसंग्रह म्हणजे अवघड संस्कृत शब्द, असे समीकरण झाले आहे. ‘अनभिषिक्त’, ‘किंकर्तव्यमूढ’, ‘जाज्वल्य’ हे शब्द यायला हवेतच. पण गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेले लेख वाचताना विद्यार्थी या शब्दांपाशी अडत नाही. तो अडतो सोवळ्याओवळ्याच्या शब्दांपाशी, वधूपरीक्षेच्या आणि हुंड्याच्या बोलीतल्या शब्दांपाशी, कचेरीतल्या फारसी शब्दांपाशी. कोणता शब्द आपल्या वजनापेक्षा मोठ्या जागी बसवला आहे आणि कोणता मुद्दाम खाली उतरवला आहे, हे त्याला कळत नाही, कारण आपण त्याला शब्दाचा केवळ अर्थ दिला, शब्दाचे कूळ दिले नाही.

याला साधन नाही असेही नाही. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यात शब्दापुढे तो कोकणातला, गोव्याकडचा की वऱ्हाडातला हे संक्षेपाने दिलेले असते, लाक्षणिक अर्थ वेगळा दाखवलेला असतो आणि व्युत्पत्ती फारसी, अरबी की संस्कृत हेही नोंदवलेले असते. कंसातल्या या बारीक खुणा म्हणजे उपरोध वाचणाऱ्याला हवी असलेली नेमकी माहिती आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती एकोणिसाव्या शतकातल्या बोलण्याची जिवंत नोंद आहे. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आज फोन आहे. तरीही पदवी मिळेपर्यंत एकदाही हे कोश न उघडलेले मराठीचे पदवीधर मी पाहिले आहेत. त्यांना कोणी ते उघडायला सांगितलेच नव्हते.

आजच्या मुलांची मराठी कच्ची आहे, त्यांना हे झेपणार नाही, असा आक्षेप सहकाऱ्यांकडून येतो. माझे निरीक्षण याच्या अगदी उलट आहे. खेड्यातून आलेली, ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, बाजाराच्या दिवशी जी मुले आई-वडिलांबरोबर बसतात, त्या मुलांना बोलीतला टोमणा, कोपरखळी, खोचक बोलणे हे पटकन कळते. ‘खपणे’ आणि ‘बोडकी’ यांचे अर्थ वर्गात त्यांनीच सांगितले आहेत. त्यांची अडचण प्रौढ ग्रंथभाषेची असते आणि शहरी विद्यार्थ्यांची अडचण बोलीची असते. उपरोधाला या दोन्ही भाषा लागत असल्यामुळे हा असा एक घटक आहे, की ज्यात हे दोन प्रकारचे विद्यार्थी एकमेकांना शिकवू शकतात. आपण मात्र बोलीला गुण देत नाही आणि त्या मुलांना वर्गात गप्प बसवतो.

एक सावधगिरीही बाळगायला हवी. जुन्या विनोदी लेखनात बोलीभाषा, जात, स्त्रीचे रूप, शारीरिक व्यंग यांची थट्टा विपुल आहे. अशा जागा गाळून शिकवू नयेत आणि त्या निरुपद्रवी आहेत असेही भासवू नये. या ओळीत बलवानाची खोड मोडली आहे की दुबळ्याला खाली ढकलले आहे, हा प्रश्न प्रत्येक उताऱ्यापुढे विद्यार्थ्यांनी उघडपणे विचारला पाहिजे. लेखक आवडता असला तरी हा प्रश्न टाळता येत नाही, आणि उत्तर प्रतिकूल आले म्हणून लेखक टाकून देण्याचेही कारण नाही.

मराठीच्या अभ्यास मंडळांच्या सदस्यांना माझी विनंती आहे, की विनोद व उपरोध या घटकावरचा व्याख्यांचा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढावा आणि त्या जागी विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेला दोनशे-अडीचशे शब्दांचा उतारा द्यावा. निवेदक कोण, त्याचे म्हणणे लेखकाला मान्य आहे काय, नसल्यास ते कोणत्या शब्दांवरून कळले, आणि त्या शब्दांपैकी कोणता कोणत्या व्यवहारातून उचलला आहे, एवढेच त्यावर विचारावे. परीक्षागृहात दाते-कर्वे कोशातली संबंधित पाने छापून द्यायलाही हरकत नसावी. विडंबन नेमले तर मूळ कविता त्याच पुस्तकात समोरासमोर छापावी. ‘झेंडूची फुले’मधल्या निवडक कवितांची मूळ कवितांसह एक छोटी पुस्तिका एखाद्या विद्यापीठाने काढली तर ती सगळ्या महाराष्ट्राला आणि गोव्यातल्या मराठी विभागांनाही उपयोगी पडेल. हे काम दोन शिक्षक एका उन्हाळी सुटीत करू शकतील, आणि कोणा अभ्यास मंडळाने ते हाती घेतल्यास मजकूर जुळवणे, टिपा लिहिणे आणि मुद्रिते तपासणे यांसाठी मी विनामोबदला उपलब्ध आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी अध्यापिका
जि. सातारा